वेग : कांट्यावरचा आणि अंगावरचा

दसऱ्याच्या सायंकाळीं सोनें लुटण्यासाठीं कोल्हापूरच्या दसरा चौकांत जो जनसमुदाय लोटतो, त्यांतील पुष्कळांची नजर मुहूर्ताइतकीच एका मोटारीकडेही लागलेली असते. छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जर्मनींतून आलेली ती मेबॅक मोटार करवीरकरांच्या कित्येक पिढ्यांनीं पाहिली आहे. झेपेलिन विमानांचीं एंजिनें घडविणाऱ्या फ्रीडरिक्सहाफेन येथील कारखान्यानें १९३६ ते १९३९ या काळांत या जातीच्या मोटारी बांधल्या. सहा सिलिंडरांचें ३.८ लिटरचें एंजिन, १४० अश्वशक्ति, आणि मोकळ्या रस्त्यावर ताशीं सुमारें १४० किलोमीटर वेग, अशी तिची ख्याति. मिरवणुकींत ती अर्थातच माणसाच्या चालीनें येते. तरी वडील मंडळी तिच्याकडे बोट दाखवून नातवंडांस तिच्या वेगाच्या गोष्टी सांगतात, आणि हल्लींचा नातू तो आंकडा ऐकून सहज म्हणतो, "एवढाच? आपली गाडी तर याहून जास्त पळते."

नातवाचें म्हणणें खोटें नाहीं, आणि आजोबांचेंही खोटें नाहीं. जुन्या काळीं जी मोटार वायुवेगानें जाणारी म्हणून गाजली, ती आजच्या मानानें वेगवान् वाटते काय, हा प्रश्न वरवर पाहतां मोटारींच्या शौकिनांचा दिसतो. परंतु थोडें खोल गेल्यास तो ज्या ज्या घरीं अठरा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं मोटारीची किल्ली द्यावयाची आहे, त्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे असें आढळून येईल. म्हणून या मासिकाच्या वाचकांपुढें तो मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आंकड्यांचा हिशेब पाहूं. मेबॅक ही राजेशाही प्रवासाची मोटार. स्पोर्ट्‌स मोटार म्हणजे हलकी, ठेंगणी, बहुधा दोनच आसनांची व उघडी गाडी. सामान नेण्यासाठीं नव्हे, तर चालविण्याच्या आनंदासाठींच केलेली. दुसरें महायुद्ध संपतांच १९४५ सालीं इंग्लंडांत निघालेली एम्. जी. टी. सी. ही त्या जातीची नमुनेदार गाडी. तिचें एंजिन १,२५० सी. सी. चें, शक्ति ५४ अश्वांची. थांबलेल्या स्थितींतून ताशीं ६० मैलांचा, म्हणजे सुमारें ९७ किलोमीटरांचा, वेग गांठण्यास तिला वीस सेकंदांहून अधिक वेळ लागे. आज आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारांत उभी असणारी मारुति स्विफ्ट सुमारें ८० अश्वशक्तीची असून तेवढ्याच वेगास साधारण बारा-तेरा सेकंदांत पोंचते; आणि तीही पांच माणसें बसण्याची सोय, थंड हवा व गाणीं देऊन!

याहून मोठी नांवें घेतलीं तरी निकाल फारसा बदलत नाहीं. इंदूरचे यशवंतराव होळकर महाराज यांनीं १९३५ सालच्या सुमारास ड्यूसेनबर्ग कंपनीची दोन आसनी मोटार खास बांधवून घेतली होती. तिची शक्ति कंपनीच्या सांगण्याप्रमाणें ३२० अश्वांची होती. १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत मांडलेल्या जॅग्वार एक्स्. के. १२० या मोटारीचें नांवच तिच्या ताशीं १२० मैलांच्या वेगावरून पडलें. १९४९ च्या मे महिन्यांत बेल्जममधील याबेके गांवाजवळच्या सरळ रस्त्यावर तिनें ताशीं १३२ मैलांचा टप्पा ओलांडला तेव्हां ती जगांतील सर्वांत वेगवान् विक्रीच्या मोटारींत गणली गेली. तथापि उभ्या जागेवरून ताशीं ६० मैलांवर येण्यास तिला सुमारें दहा सेकंद लागत. आजची विजेवर चालणारी टाटा नेक्सॉन ताशीं १०० किलोमीटर नऊ सेकंदांच्या आंत गांठते, असें तिचे कर्ते सांगतात. म्हणजे सुटण्याच्या शर्यतींत मुलांना शाळेंत सोडण्यास निघालेल्या गृहिणीनें १९४९ सालच्या जगज्जेत्यास मागें टाकावें, असा हा प्रकार आहे. कांट्यावरचा निकाल असा स्वच्छ आहे, आणि त्याबद्दल वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

आतां अंगावरचा निकाल पाहूं. शिवाजी उद्यमनगरांत यंत्रशाळा चालविणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं १९४८ सालची एक टी. सी. आहे. त्याच्या दिवंगत चुलत्यांनीं ती घेतली होती व आज तो ती आपल्या हातानें दुरुस्त ठेवतो. घर एकत्र कुटुंबाचें, गाडी विकावी कीं ठेवावी यावर तेथें मतभेद होता, आणि "आतां तिच्यांत वेग तो काय राहिला?" हा विकूं पाहणाऱ्यांचा मुख्य मुद्दा होता. तेव्हां एका रविवारीं घरांतल्या माणसांना पाळीपाळीनें त्या गाडीत बसवून पन्हाळ्याच्या रस्त्यावर न्यावें, मग घरच्या नव्या गाडींतून महामार्गावर न्यावें, आणि दोन्ही वेळां वेग किती वाटला तें विचारावें, असें ठरलें. टिपणवही आमच्याकडे होती.

या टी. सी. मध्यें एक मौज आहे. चालकापुढें एंजिनाच्या फेऱ्या मोजणारा कांटा असतो, आणि वेगाचा कांटा असतो शेजारीं बसणाऱ्यापुढें. म्हणून त्याच्यावर कागद चिकटवावा लागला, आणि आमचा विद्यार्थी फेऱ्यांवरून वेग काढीत गेला. शिवाजी पूल ओलांडून केर्लीच्या बाजूस उंसाच्या शेतांमधून गाडी ताशीं ५० किलोमीटरांनीं निघाली, तेव्हां त्याच्या वृद्ध मातोश्री पदर घट्ट धरून ओरडल्या, "अरे बाळा, हळू घे! पन्हाळा कांहीं पळून जात नाहीं." त्याच मातोश्री दुपारीं नव्या गाडींत, महामार्गावर ताशीं ९० चा वेग असतांना, मागच्या आसनावर स्वस्थ झोंपल्या होत्या. सूनबाई, धाकटे दीर, कॉलेजांत जाणारा पुतण्या, सर्वांचीं उत्तरें आम्हीं टिपलीं. जुन्या गाडींत एकूणएक माणसाचा अंदाज खऱ्या वेगाच्या वर गेला, आणि नव्या गाडींत एकूणएकाचा खालीं आला.

असें कां व्हावें? गाडीची घडण पाहिली म्हणजे उलगडा होतो. टी. सी. चें बसणें इतकें खालीं आहे, आणि तिचीं दारें कोंपराशीं इतकीं कापलेलीं आहेत, कीं हात बाहेर सोडला तर रस्ता जवळ आल्यासारखा वाटतो. डोळा जमिनीला जितका जवळ, तितकी जमीन वेगानें मागें पळतांना दिसते. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंगच्या धावपट्टीवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. त्या कार्टमध्यें बसणाऱ्याचें आसन तर जमिनीपासून अवघें बोटभर वर असतें, आणि एकदां बसून आलेला कोणीही मुलगा सांगेल कीं तेथला पन्नासाचा वेग रस्त्यावरच्या शंभरासारखा वाटतो. दुसरें कारण वारा. उघड्या गाडींत तो तोंडावर आदळतो, आणि वेग वाढला कीं त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. तिसरें कारण कंप. पुढचा व मागचा दोन्ही आंस पोलादी पाट्यांवर बसविलेले, चाकें मोठीं व टायर अरुंद; रस्त्यावरचा खडा न् खडा पाठीच्या कण्यापर्यंत पोंचतो. चौथें कारण आवाज. आणि पांचवें, जें बहुतेक विसरतात, तें चालकाचे श्रम. गिअर बदलतांना एंजिनाच्या फेऱ्यांकडे कान लावावा लागतो, स्टिअरिंग हातांत धरून ठेवावें लागतें, ब्रेक आधींपासून दाबावा लागतो. ज्या वेगासाठीं माणूस राबला, तो वेग त्याला मोठा वाटल्याशिवाय राहत नाहीं.

यांत करवीरकरांस नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. शाहू महाराज घोडे तयार करण्यासाठीं जी भक्कम घोडागाडी स्वतः हांकीत, तिचें नांव लोकांच्या तोंडीं 'खडखडा' असेंच राहिलें. त्या वाहनाचें नांवच त्याच्या आवाजावरून पडलें! घोड्यांची दौड मोटारीपुढें ती काय, परंतु खडखड्यांत बसणाऱ्यास आपण हळू चाललों आहों असें खचित वाटत नसेल.

ही गोष्ट आपल्या प्राचीन कवींस चांगली ठाऊक होती. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत मृगाच्या मागें धांवणाऱ्या रथाचा वेग सांगतांना कालिदासानें अंतराचें वा काळाचें माप दिलेलें नाहीं. रथांत बसलेल्या राजाच्या डोळ्यांस आजूबाजूच्या वस्तु कशा भासतात, एवढेंच त्यानें सांगितलें. वेग हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत उमटतो, हें मर्म त्या महाकवीनें वेगाचा कांटा निघण्यापूर्वीं दीड हजार वर्षें ओळखलें होतें.

आमच्या तर्कशास्त्रानें तर याहून सूक्ष्म विचार केलेला आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत 'संस्कार' नांवाचा गुण तीन प्रकारचा सांगितला आहे: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग हा पदार्थांच्या व मनाच्या ठिकाणीं असतो. भावना ही अनुभवापासून उत्पन्न होते, आत्म्याच्या ठिकाणीं राहते व स्मरणास कारण होते. आणि स्थितिस्थापक म्हणजे वांकविलेल्या वस्तूस पूर्वस्थितीवर आणणारा गुण. आम्हीं हा ग्रंथ मुलांस शिकवीत असतांना, वेग आणि आठवण यांस एकाच कुळांत कां घातलें, असें हुशार मुलें विचारीत. त्याचें एक उत्तर त्या रविवारीं आम्हांस रस्त्यावर दिसलें. मोटारींत हे तिन्ही संस्कार एकत्र येतात. चाकांत वेग असतो, पाट्यांत स्थितिस्थापक असतो, आणि बसणाऱ्याच्या अंतःकरणांत भावना उमटते. पाटे ताठ असले म्हणजे वेग अंगापर्यंत पोंचतो व त्याचा ठसा मनावर राहतो. पाटे जाऊन मऊ स्प्रिंगा आल्या, कांचा बंद झाल्या, कीं वेग चाकांतच राहतो. माणसाला त्याची वार्ताही लागत नाहीं.

शिवाय वेगाचें मान पिढीपिढीला बदलत असतें. इंग्लंडांत १८६५ सालच्या कायद्यानें वाफेच्या गाड्यांस गांवाबाहेर ताशीं ४ मैल व गांवांत २ मैल एवढीच मर्यादा होती. ताशीं १०० किलोमीटरांचा टप्पा मोटारीनें प्रथम ओलांडला तो १८९९ सालच्या एप्रिल महिन्यांत. कामिय जेनात्सी या बेल्जियन गृहस्थानें तो ओलांडला, आणि त्याची गाडी विजेवर चालणारी होती! त्या दिवशीं जो वेग जगाच्या पाठीवर एकट्या माणसाला लाभला, त्या वेगानें आज पुण्याहून कोल्हापूरला येणारी मंडळी गाडींत चिवडा खात गप्पा मारीत येतात. मागील पिढीचा पराक्रम हा पुढील पिढीचा नित्यक्रम होतो. परंतु एक वस्तु मात्र पिढ्यान्‌पिढ्या तशीच आहे, आणि ती म्हणजे मनुष्याचा देह.

येथें आमच्या मुख्य मुद्द्याकडे आम्ही येतों. नव्या मोटारीनें वेग वाढविला, ही तिची चूक नव्हे. वेग वाढवीत असतांना तिनें वेगाची जाणीव काढून घेतली, ही मात्र चिंतेची गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून असें दिसून आलें आहे कीं, चालकाच्या कानांवर पडणारा आवाज कमी केला तर तो आपला वेग खऱ्याहून कमी धरतो. तसेंच बराच काळ मोठ्या वेगानें जाऊन मग वेग उतरविला, तर उरलेला वेग त्याला अगदींच मंद वाटतो. शेंकडों वर्षें ज्या वाऱ्यानें, कंपानें व आवाजानें माणसास "पुरे" असें सांगितलें, ते तिन्ही सल्लागार आपण गाडीबाहेर उतरवून दिले आहेत.

सृष्टीचे नियम मात्र गाडींत शांतता आहे म्हणून सौम्य होत नाहींत. ताशीं ५० किलोमीटर म्हणजे दर सेकंदास सुमारें १४ मीटर. ताशीं १०० म्हणजे सुमारें २८. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकांनीं ५० च्या वेगावरून थांबण्यास साधारण १४ मीटर पुरत असतील, तर १०० वरून सुमारें ५५ लागतात. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असें धरलें, तर एकूण अंतर पहिल्या वेळीं २८ मीटर व दुसऱ्या वेळीं ८३ मीटर होतें. क्रिकेटच्या दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमध्यें जें अंतर असतें, त्याच्या चौपटीहून हें अधिक आहे. गाणें ऐकत बसलेल्या मुलाला एवढें अंतर आपल्यापुढें मोकळें हवें याची जाणीव कोण करून देणार?

केंद्र सरकारच्या रस्तेवाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा सत्तराहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदराखालीं आहे. आमच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं तिघे या महामार्गावर गेले. हजेरीच्या वेळीं ज्यांचें नांव घेतलें, त्यांचें नांव शोकसभेंत घ्यावें लागणें ही शिक्षकाच्या जन्मांतली फार कठीण घटका होय. त्या तिघांतील एकहि मुलगा उडाणटप्पू नव्हता. त्यांच्या आयांना मोटार वेगानें जाते ही भीति कधीं वाटलीच नाहीं, कारण त्या मोटारींत बसून त्या कधींच घाबरल्या नव्हत्या.

यावरून जुनी मोटार सुरक्षित व नवी घातक असा अर्थ कोणी काढूं नये. उलट टी. सी. चा सांगाडा लांकडी चौकटीवर पत्रा मारून केलेला. पट्टा नाहीं, हवेची पिशवी नाहीं, आणि ब्रेक जुन्या ड्रमचे, लागोपाठ वापरले कीं तापून मंद होणारे. तीच टक्कर नव्या गाडींत झाली तर माणूस वांचण्याचा संभव पुष्कळ अधिक. नव्या गाडीनें आपल्याला संकटांतून सोडविण्याची सोय केली. जुनी गाडी संकट येण्याआधीं हांक मारीत असे. शहाण्या माणसानें दोहोंचा लाभ घ्यावा. सोय नव्या गाडीची ठेवावी, आणि हांक स्वतः मारण्यास शिकावें.

तें कसें, याविषयीं चार साध्या गोष्टी आम्ही सुचवितों. पहिली : गाडींत पुढें बसणाऱ्या माणसानें मधून मधून कांट्याकडे पाहून वेग मोठ्यानें सांगावा, लहानपणीं पाढे म्हणत तसा. चालकास यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं. आगबोटीवरही खोली मोठ्यानें सांगण्याची रीत होती. दुसरी : महामार्ग सोडून तावडे हॉटेलापाशीं गांवांत वळतांना डोळ्यांवर विश्वास ठेवूं नये, कांट्यावर ठेवावा, कारण तासभर शंभरास सरावलेल्या डोळ्यांना साठ म्हणजे थांबल्यासारखेंच वाटतात. तिसरी : पुढची गाडी ज्या खांबाजवळून गेली, तेथें आपण पोंचेपर्यंत सावकाश दोन तरी मोजून व्हावेत, पावसाळ्यांत चार. चौथी : मुलांमुलींस शिकवितांना आरंभीं कांचा खालीं कराव्या, गाणें बंद ठेवावें, आणि वाऱ्याचा व एंजिनाचा आवाज कोणत्या वेगास कसा बदलतो तें कानानें ओळखावयास लावावें. गायकास सूर ओळखतां आला पाहिजे, तसा चालकास वेग ओळखतां आला पाहिजे.

उद्यमनगरांतील त्या कुटुंबानें टी. सी. विकण्याचा विचार सोडून दिला, हें वाचकांस सांगितलें पाहिजे. कारण भावनेचें नव्हतें. पुतण्याचा परवाना पुढील महिन्यांत निघावयाचा होता, आणि त्याच्या काकूंनीं आग्रह धरला कीं, नव्या गाडीची किल्ली हातीं पडण्यापूर्वीं त्यानें दर रविवारीं चुलत्याशेजारीं जुन्या गाडींत बसून यावें. पन्नास म्हणजे काय तें त्याच्या अंगाला कळूं द्यावें, मग शंभर म्हणजे काय तें तो आपोआप समजेल.

तेव्हां जुनी स्पोर्ट्‌स मोटार आज वेगवान् आहे काय? नाहीं. ती वेगवान् वाटते काय? निःसंशय वाटते, आणि पुढेंही वाटत राहील; कारण माणसाच्या अंगाला वेग कळतो तो तसाच कळत राहिला आहे. ज्यांच्या घरीं अशी मोटार आहे त्यांनीं ती भंगारांत काढण्याची घाई करूं नये. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनीं नव्या गाडीचा कांटा दाखवून मुलांना एवढें तरी सांगावें कीं, हा आंकडा गाडीचा नाहीं, तुझा आहे. गाडी थांबली नाहीं तर तूं याच वेगानें पुढें जाणार आहेस.